लॅमिनायटिसमधून सावरणाऱ्या घोड्याला पुन्हा कामाला कसं लावायचं

लॅमिनायटिस म्हणजे खुराची भिंत आणि आतलं हाड यांच्यातली पकड ढिली पडण्याचा दुखरा आजार. रक्तातलं इन्शुलिन चढं राहिल्यामुळे तो झालेल्या घोड्याच्या मालकापुढे एक पेच असतो. इन्शुलिन आटोक्यात राहायला नियमित व्यायाम हवा, आणि खुरांना तर तो अजून झेपत नाही. त्यात दोन्हींच्या बरं होण्याचा वेग वेगळा. चंदी बंद केली, वैरण बदलली की इन्शुलिन काही आठवड्यांत उतरू शकतं. ठणका बहुधा त्याच्याही आधी कमी होतो. खुराची ताणलेली पकड मात्र जागच्या जागी घट्ट होत नाही. वरून नवी, घट्ट पकडीची भिंत उगवून खाली यावी लागते. खुराच्या टोकाकडे ही वाढ महिन्याला साधारण ६ ते १० मिमी असते. म्हणजे टोकाची पूर्ण भिंत बदलायला ९ ते १२ महिने लागतात.

घोडा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच मान उडवू लागतो, दाराशी येऊन टापा आपटतो. आता बरा झाला असं वाटून घाई होते ती नेमकी इथेच. म्हणून व्यायामाचा वेग कॅलेंडरवरून किंवा घोड्याच्या उत्साहावरून ठरवू नका. तो नव्या भिंतीवरून ठरवायचा, आणि ती पुरेशी उतरेपर्यंत इन्शुलिन सांभाळायचं काम आहाराने आणि औषधाने करायचं.

खुराच्या आत काय चाललेलं असतं

खुरातलं शेवटचं हाड, म्हणजे पेडल बोन, भिंतीला आतून ५५० ते ६०० मुख्य पापुद्र्यांनी जोडलेलं असतं. भिंतीचे पापुद्रे आणि हाडाकडचे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात आणि घोड्याचं वजन या गुंतवळ्याला टांगलेलं असतं. रक्तात इन्शुलिन सतत चढं राहिलं की हे पापुद्रे लांबट आणि कमजोर होतात. २००७ मध्ये निरोगी पोनींच्या रक्तात इन्शुलिन मुद्दाम चढं ठेवून पाहिलं गेलं, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे इन्शुलिन खाली आलेलं नसेल, तर कितीही जपून चालवलं तरी आतली मोडतोड चालूच राहते.

दुसरी गोष्ट ओढीची. पायाच्या मागून येणारा खोल कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) पेडल बोनला मागे-खाली खेचत असतो. पाऊल उचलताना खुराचं टोक जमिनीवर टेकलेलं आणि टाच वर आलेली असते, त्या क्षणी ही ओढ टोकाकडच्या पापुद्र्यांवर जोरात येते. टोक जितकं लांब, तितकी तरफ मोठी. आखूड वळण घेताना याच पापुद्र्यांना पीळ बसतो.

आणि तिसरी गोष्ट वजनाची. चालताना पुढच्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे ६० ते ६५ टक्के भार येतो, दुडकीत जवळपास पूर्ण वजनाइतका, आणि भरधाव धावताना त्याच्या अडीचपट. ४०० किलोच्या घोड्यासाठी हिशेब केला तर चालताना अडीचशे किलो, दुडकीत चारशे, धावताना हजार. ‘जरा दुडकं चालवून बघू’ म्हणताना हे आकडे डोळ्यांसमोर असावेत.

सुरू करण्याआधीच्या अटी

यातली एकही अट ‘जवळपास पूर्ण’ चालत नाही.

वेदनाशामक औषध पूर्ण बंद करून किमान दोन आठवडे झालेले असावेत आणि त्या काळात घोडा आरामात असावा. चार आठवडे थांबता आलं तर आणखी बरं. औषध चालू असताना घोडा चांगला चालतो म्हणून त्याला फिरवणं हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. त्याला दुखलं असतं तर तो स्वतःच थांबला असता, ती सोय तुम्ही काढून घेतलेली असते.

कडक, सपाट जमिनीवर सरळ चालताना आणि दोन्ही बाजूंना वळताना पाऊल आखडता कामा नये. वळणावर बारकाईने बघा. सरळ रेषेत बरा दिसणारा घोडा वळताना पुढचा पाय ओलांडून टाकण्याऐवजी लहान लहान पावलं घेत अंग एकदम फिरवत असेल, तर तो अजून तयार नाही. उभा असताना पुढचे दोन पाय आळीपाळीने हलके करत असेल तर तेच.

गेल्या चार ते सहा आठवड्यांतला बाजूने काढलेला एक्स-रे हवा. त्यात पशुवैद्य तीन गोष्टी पाहतील: हाड भिंतीपासून आणखी सुटलेलं नाही, ते खाली बसत चाललेलं नाही, आणि हाडाच्या टोकाखाली तळवा किती जाड आहे. तळवा १५ मिमी किंवा जास्त असेल तर पुढे जाता येतं. १० मिमीच्या खाली असेल तर बाकी सगळं उत्तम असलं तरी थांबायचं, कारण एका खड्याने हाडाच्या टोकाखाली ठेच लागते. एक्स-रे काढताना भिंतीच्या पुढच्या बाजूला तार किंवा बेरियमचा पट्टा लावायला सांगा, नाहीतर नालबंदाला भिंत आणि हाड यांच्यातलं अंतर नीट मोजता येत नाही. ही फिल्म नालबंदाच्याही हातात पडली पाहिजे.

रक्ततपासणीत इन्शुलिन उतरलेलं असावं. नुसत्या उपाशीपोटीच्या नमुन्यावर विसंबू नका. बिघाड असलेल्या अनेक घोड्यांचं उपाशीपोटीचं इन्शुलिन ठीक येतं आणि साखरेचा पाक पाजून ६० ते ९० मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात दोष उघडा पडतो. वेदना आणि ताणामुळेही इन्शुलिन चढतं, म्हणून घोडा ठणकत असताना घेतलेला आकडा पाया धरू नका. लॅबगणिक मर्यादा वेगळ्या असतात, त्यामुळे दर वेळी एकाच लॅबकडून तपासा. घोडा पंधरा वर्षांच्या पुढचा असेल, अंगावर लांब केस राहत असतील, पाठीचं मांस उतरलेलं असेल, तर कुशिंगसाठी, म्हणजे उतारवयातल्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजारासाठी, एसीटीएच हे त्या ग्रंथीचं संप्रेरकही तपासून घ्या. कुशिंग असेल तर पर्गोलाइड या त्याच्या औषधावर घोडा स्थिर होईपर्यंत व्यायामाचा विचार नको.

शेवटची अट खुराकडे बघून कळते. केसांच्या कडेखाली नवी भिंत जुन्या भिंतीपेक्षा वेगळ्या, उभट कोनात उगवलेली दिसते आणि जिथे आजार सुरू झाला तिथे एक आडवी रेघ किंवा मोड दिसतो. हाताने चालवायला ही नवी भिंत एक तृतीयांश उतरलेली असली तरी चालतं. दुडकीसाठी ती किमान निम्म्यावर यायला हवी.

रोज हात लावून पाहायची नाडी

खुराच्या वरचा पहिला गोल सांधा म्हणजे फेटलॉक. त्याच्या मागच्या दोन्ही अंगांना, हाडाच्या उंचवट्यावर, कातडीखाली दोरीसारखी एक जुडी बोटाखाली सरकते. तिच्यावर दोन बोटांची टोकं अगदी हलकी ठेवा. अंगठा वापरू नका, त्यात आपलीच नाडी लागते. जोरात दाबलंत तर घोड्याची नाडीही दबून जाते. निरोगी घोड्यात ती मंद असते, शोधायला अर्धा-पाऊण मिनिट जातं आणि कधी कधी सापडतही नाही. बोट ठेवताच ठोके टणाटण लागले तर ती धोक्याची खूण.

रोज सकाळी, व्यायामाआधी, त्याच जागी, चारही पायांची नाडी बघून वहीत लिहा: मंद, मध्यम, जोरदार. व्यायामानंतर लगेच बघून घाबरू नका, काही वेळ ती चढलेली राहणारच. तासाभराने पुन्हा बघा. पंधरा दिवस हे केलंत की तुमच्या घोड्याचं ‘नेहमीचं’ काय ते बोटांना कळतं, आणि पुढचं सगळं त्या नेहमीच्याशी ताडून पाहायचं असतं.

पहिला महिना: फक्त हाताने चालवणं

सुरुवात दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटांनी. दर तीन दिवसांनी प्रत्येक फेरीत दोन ते तीन मिनिटं वाढवा, तेही मधल्या तीन दिवसांत नाडी आणि चाल जशीच्या तशी राहिली तरच. महिनाअखेरीस वीस मिनिटांवर यायचं. त्याआधी पोचलात तर त्यात काही मिळवलेलं नसतं.

जमीन सपाट, खड्यांविना, किंचित दबणारी हवी. पाऊल रुतेल इतकी खोल वाळू नको, त्यात प्रत्येक पाऊल उपटून काढावं लागतं आणि कंडऱ्याची ओढ वाढते. सुकून टणक झालेल्या चिखलाच्या गाठी तर डांबरी रस्त्याहूनही वाईट. शक्य तितकं सरळ चाला. वळावं लागलंच तर दहा-बारा मीटरचा ऐसपैस अर्धवर्तुळाकार फेरा घ्या. भिंतीशी जाऊन जागच्या जागी फिरवू नका.

कासरा ढिला ठेवा आणि त्याच्या खांद्याशेजारून चाला. डोकं वर ओढून धरलंत तर पावलाचा खरा ताल दिसत नाही. पाऊल टेकताना ऐका. दोन्ही पुढच्या टापांचा आवाज सारखा आहे का, आणि टाच आधी टेकते की टोक? टाच आधी किंवा सपाट टेकत असेल तर बरं चाललंय. टोक आधी टेकत असेल तर टाचेत काहीतरी दुखतंय किंवा टाचेची तासणी चुकली आहे. फोनवर बाजूने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दर आठवड्याला काढा. रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू झालेला बदल दिसत नाही, महिन्यापूर्वीच्या व्हिडिओत तो लख्ख दिसतो.

खुरांना बूट घाला आणि आत मऊ पॅड. बुटाचं पुढचं टोक वर वळलेलं किंवा तिरपं घासलेलं असावं. पुढे चौकोनी डबा असलेला बूट म्हणजे लांब टोकाचीच तरफ, आपणच बांधलेली. पॅड दबून निम्म्या जाडीवर आलं की बदला. चालून आल्यावर बूट काढून खूर कोरडे करा आणि टाचेच्या गाद्यांवर कातडी सोलली आहे का ते बघा. बुटाच्या घर्षणाने लंगडलेल्या घोड्याला पुन्हा लॅमिनायटिस झाला असं समजून महिनाभर बांधून ठेवण्याची वेळ येऊ नये.

मोकळं सोडणं हा व्यायाम नव्हे. तीन महिने बांधलेला घोडा मैदानात सुटला की पहिल्या मिनिटातच चौखूर उधळतो, टाचांवर गर्रकन वळतो आणि महिन्याभरात कमावलेलं घालवून बसतो. सोडायचंच तर लहान, मऊ तळाच्या कुंपणात, आधी चालवून आणल्यावर, सोबत शांत घोडा असताना. गवत असलेल्या जागी तोंडाला चराई-जाळी बांधून, तीही इन्शुलिनचा आकडा खरोखर उतरला असेल तरच.

दुसरा ते चौथा महिना

दुसऱ्या महिन्यात वीसवरून चाळीस मिनिटांवर जा, दिवसातून एकदा. आता चालीत जोर आणा: लांब, झपाझप पावलं. हलका चढ चालेल. उतार टाळा, कारण पुढच्या पायांवर भार येतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या चालण्याने इन्शुलिनमध्ये फार फरक पडत नाही. हे चालणं स्नायू, सांधे आणि खुराला भाराची सवय लावण्यासाठी आहे. ‘आता तो रोज चालतोय’ म्हणून चंदी पुन्हा सुरू केलीत तर सगळं मुळापासून बिघडतं.

दुडकी तिसऱ्या महिन्यापासून, नवी भिंत निम्म्यावर आली असेल तर. वीस मिनिटं चालवून अंग मोकळं झाल्यावर सरळ रेषेत ३० सेकंदांच्या चार दुडक्या, मध्ये दोन-दोन मिनिटं चाल. एक दिवस दुडकी, दुसऱ्या दिवशी फक्त चाल. दर आठवड्याला एकूण दुडकीत दोन मिनिटांपेक्षा जास्त भर घालू नका. वजन वाहायला लावू नका. लांब लगामांनी मागून हाकणं किंवा दुसऱ्या स्वारीच्या घोड्याबरोबर नेणं सगळ्यात चांगलं. लंजिंग (लांब दोरीला धरून वर्तुळात फिरवणं) करायचंच तर वर्तुळ किमान वीस मीटर व्यासाचं, दर दोन मिनिटांनी बाजू बदलून, आणि मध्ये मध्ये लांब सरळ रेषा काढून.

इथून पुढचं उद्दिष्ट इन्शुलिनवर परिणाम होईल असं काम. लॅमिनायटिस होऊन गेलेल्या पण खूर स्थिर असलेल्या घोड्यासाठी ते असं: मऊ जमिनीवर, स्वाराविना, जलद दुडकी ते कँटर (दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल), हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १५०, अर्ध्या तासापेक्षा जास्त, आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा. ठोके अंदाजाने सांगता येत नाहीत, छातीचा पट्टा वापरा. स्थूल घोडा लवकर तापतो आणि कुशिंगचा लांब केसांचा घोडा त्याहून लवकर, म्हणून कडक उन्हात हे काम नको आणि केस कापून घ्या. इथवर पोचायला काही घोड्यांना सहा महिने लागतात. काही कधीच पोचत नाहीत, आणि त्यांच्यासाठी रोजची चाळीस मिनिटांची जोरकस चाल हाच कायमचा मुक्काम असतो. त्यात वाईट काही नाही, आहार मग आयुष्यभर काटेकोर ठेवावा लागतो.

स्वारी सगळ्यात शेवटी, नवा एक्स-रे पाहिल्यानंतर. सुरुवातीला स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आत, फक्त चाल, दहा मिनिटं. घोडा बारीक झालेला असल्यामुळे जुनं खोगीर आता बसणार नाही, ते आधी तपासा.

तासणी आणि वैरण

खूर दर चार ते पाच आठवड्यांनी तासले पाहिजेत. टोक मागे घेणं मुख्य. टाच उतरवायची असेल तर थोडी थोडी, दोन-तीन तासण्यांत विभागून, कारण टाच एकदम खाली गेली की कंडरा ताणला जातो. तासणीनंतर तीन-चार दिवस व्यायाम वाढवू नका. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. नवे बूट, नवी तासणी, नवी वैरण आणि दहा मिनिटं जास्त हे सगळं एकदम केलंत आणि घोडा अडखळला, तर कारण शोधायला काही उरत नाही.

वैरण वजनाच्या १.५ टक्के, कोरड्या पदार्थाच्या हिशेबाने. ४०० किलोच्या घोड्याला ६ किलो कोरडा पदार्थ म्हणजे सुमारे ७ किलो वाळलेलं गवत. साखर आणि स्टार्च मिळून १० टक्क्यांच्या आत. गवताची तपासणी झालेली नसेल तर तासभर गार पाण्यात भिजवून, पाणी फेकून द्या. भिजवल्याने क्षारही जातात, म्हणून खनिज-प्रथिनांचा पूरक खुराक लागतो. उपाशी ठेवून बारीक करू नका. पोनी आणि गाढवांच्या रक्तात त्यामुळे चरबी उसळते आणि ती जिवावर बेतते. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतार पुरे.

बिघडलं तर

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी नेहमीपेक्षा जोरात, पण चाल ठीक असेल तर दोन दिवस पूर्ण विश्रांती. मग ज्या पायरीवर शेवटचं सगळं ठीक होतं तिथे परत, आणि तिथे एक आठवडा मुक्काम.

चाल आखडली, दोन्ही पुढचे पाय दुखरे, घोडा मागे रेलून उभा: व्यायाम बंद, जाड मऊ अंथरूण, आणि त्याच दिवशी पशुवैद्य. ते येईपर्यंत खूर फेटलॉकच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवा. इन्शुलिन पुन्हा तपासा. बहुतेक वेळा चूक चालवण्यात नसते, कुठेतरी गवत, फळं किंवा लाडाचा खाऊ सुरू झालेला असतो.

एकाच पायावर अचानक, पाय टेकवत नाही इतकं लंगडणं आणि त्या एका पायाची नाडी जोरदार: बहुधा खुरात पू झाला आहे. सावरण्याच्या काळात हे वारंवार होतं. मेलेल्या पापुद्र्यांचा कचरा बाहेर पडायला वाट शोधतो, आणि ताणून रुंद झालेल्या पांढऱ्या रेषेतून (तळव्याकडे दिसणारा भिंत आणि तळवा यांचा सांधा) माती आत शिरते. घोडा बघून काळजाचं पाणी होतं, पण पू निघाला की दोन-तीन दिवसांत तो पाय टेकतो. जागा शोधून वाट करून देणं पशुवैद्याचं किंवा अनुभवी नालबंदाचं काम, आपण तळवा कोरू नये. जखम भरून कोरडी झाली की दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरुवात.

पाय ठीक, नाडी मंद, तरी पावलं आखूड दिसत असतील तर खांदे आणि कंबर दाबून पाहा. महिनोन्‌महिने मागे रेलून उभा राहिलेल्या घोड्याचे हे स्नायू आखडलेले असतात. खरारा करताना त्या भागावर हाताने गोलाकार दाब देत दहा मिनिटं घालवली आणि चालण्याआधी अंग गरम केलं की काही आठवड्यांत पाऊल मोकळं होतं.

व्यायामाने इन्शुलिनवर झालेला चांगला परिणाम काही आठवड्यांच्या खंडात ओसरतो. मध्ये तीन आठवडे सुट्टी पडली तर आधी रक्त तपासा, वैरण पुन्हा आवळा, आणि पूर्वीच्या निम्म्या वेळापासून सुरू करा. दिवस लहान होऊ लागतात त्या काळात एसीटीएच नैसर्गिकरीत्याच चढतं, तेव्हा कुशिंगच्या घोड्याचं काम वाढवू नका आणि पर्गोलाइडची मात्रा आधीच पशुवैद्याकडून ठरवून घ्या. महिन्यातून एकदा, तासणीच्या दिवशी, चारही खुरांचा बाजूने जमिनीलगत कॅमेरा ठेवून फोटो घ्या. नव्या भिंतीचा मोड कुठवर उतरला ते त्यात मोजता येतं.